अंगाचा रंग कोणता?

श्रोतेहो, बालवाडीतली सावळी पोर स्वतःचे चित्र काढते आणि अंग गुलाबी खडूने रंगवते. का? त्या खडूला आपणच 'अंगाचा रंग' म्हणतो! अमेरिकेतल्या क्रेयोला कंपनीने आपल्या खडूवरचे असले नाव १९६२ साली बदलले. आपल्या तोंडचे अजून जायचे आहे.

गुरुजी, बाई, उद्या एक करा. काळी, तांबडी, पांढरी माती पाण्यात कालवा. ज्याने-त्याने आपल्या हाताशी जुळेल असा रंग करावा. मग सांगा, त्वचेतले मेलॅनिन हे रंगद्रव्य कोणात कमी, कोणात जास्त. उन्हाच्या माऱ्यापासून तेच आपल्याला राखते.

आणि घरच्या मंडळींनो, 'काळी असली तरी नाकीडोळी नीटस' यातला तेवढा 'तरी' टाकून द्या. पोर ऐकत असते. पंढरीच्या सावळ्या विठोबाला आपण कधी 'तरी' लावतो का?