हात आखडता घेणारी सेवा



उन्हाळी व्याख्यानमालेला लोक शिवकाल ऐकायला येतात, अर्थसंकल्प ऐकायला येतात. रुग्णाची कूस कशी बदलावी हे ऐकायला कोण येणार, असं मीच संयोजकांना विचारलं होतं. पण आज मागच्या रांगांत दिवसपाळी संपवून आलेल्या, रुग्ण सांभाळणाऱ्या मावशी बसल्या आहेत, आणि पुढे बसलेल्यांपैकी कित्येकांच्या घरी या घटकेला अशाच कोणी मावशी ड्यूटीवर असतील. दोघांशीही बोलायचं आहे. तक्रार मात्र पुढच्यांबद्दल जास्त आहे, हे आधीच सांगून टाकते.

घरात कोणाला अर्धांगाचा झटका येतो. दवाखान्यातून सोडतात, मावशी पुरवणाऱ्या ब्युरोला फोन जातो, कॉट भाड्याने येते. फिजिओथेरपिस्ट येऊन पाऊण तास व्यायाम करून घेतात. उरलेल्या तेवीस तासांत काय होतं, यावर तो माणूस पुन्हा बाथरूमपर्यंत चालत जाणार की नाही, हे बरंचसं ठरतं. ते तास मावशींच्या हातात असतात. आणि आपण मावशींना काय सांगतो? ‘त्यांना काही करू देऊ नका हं, त्रास होईल.’

अंथरुणावर पडून राहणं ही विश्रांती आहे, हा समज आपल्याकडे पक्का आहे. २००७ साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. चांगल्या ठणठणीत ज्येष्ठांना १० दिवस नुसतं झोपवून ठेवलं. कसला आजार नाही, ताप नाही. दहा दिवसांत त्यांच्या पायांतला जवळजवळ किलोभर ऐवज गेला. चरबी नव्हे, स्नायूंचा ऐवज. धडधाकट माणसाची ही गत, तर आजाऱ्याची काय होत असेल?

दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल इथे लुडविग गुटमन या डॉक्टरांकडे मणक्याला इजा झालेले सैनिक येऊ लागले. त्याआधीच्या महायुद्धात असे सैनिक बहुतेक दगावत. गोळीने नव्हे, पाठीला पडलेल्या जखमांनी आणि लघवीच्या जंतुसंसर्गाने. गुटमननी नियम घातला की दर दोन तासांनी कूस बदलायची, दिवसा आणि रात्रीसुद्धा. मग बसवायचं, कामाला लावायचं, खेळायला लावायचं. १९४८ साली तिथे चाकाच्या खुर्चीवरून धनुर्विद्येची स्पर्धा झाली. आजच्या पॅरालिम्पिकचं मूळ तिथे आहे. आपल्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि १९७२ साली हायडेलबर्गला ५० मीटर पोहण्यात त्यांनी भारताला पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं. पदक सगळ्यांना ठाऊक असतं. तिथवर जायला आधी पाठ शाबूत राहावी लागते, आणि ती राखण्याचं काम रात्री दोन वाजता उठणाऱ्याचं असतं.

ते काम कसं करायचं? पेशंटला पूर्ण कुशीवर नका घालू; तसं केलं की सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. पाठीमागे उशी लावून थोडं तिरपं ठेवा, साधारण तीस अंशांत. पोटऱ्यांखाली उशी द्या, टाचा अधांतरी राहू द्या. माकडहाड, खुबे, टाचा, घोटे रोज उजेडात बघा. लाली दिसली तर बोटाने दाबा. दाबल्यावर पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर ठीक. लालच राहिली तर तो धोक्याचा इशारा समजा आणि लगेच कळवा. गव्हाळ-सावळ्या कातडीवर लाली लवकर दिसत नाही, म्हणून तिथे हात लावून ऊब आणि घट्टपणा तपासा. अशा जागी मालीश अजिबात नको. आणि पाठीला स्पिरिट-पावडर चोळण्याचा जुना रिवाजही बंद करा. स्पिरिटने कातडी कोरडी होते. मधे भोक असलेली रबरी रिंगसुद्धा माळ्यावर जाऊ दे. तिच्या कडेनेच रक्तपुरवठा दाबला जातो.

हे झालं राखण्याचं. परत मिळवण्याचं काम अधिक अवघड, कारण त्यात हात आखडता घ्यावा लागतो.

मार्ग्रेट बाल्टेस या जर्मन मानसशास्त्रज्ञ बाईंनी वृद्धाश्रमांत बसून बारकाईने निरीक्षणं केली. त्यांना दिसलं की आजीने स्वतः केस विंचरले तर कोणी तिच्याकडे बघतही नाही. तिने हात खाली टाकले की मात्र लगेच कोणीतरी येतं, बोलतं, विंचरून देतं. माणसाचा सहवास हवा असेल तर असहाय व्हा, असा धडा मायेच्या पोटी रोज दिला जात होता. आपल्या घरात याहून वेगळं काय चालतं?

एका घरी मी हे शेजारी बसून पाहिलं. आजोबांची उजवी बाजू गेलेली. मावशींनी सदरा घालायला दोन मिनिटं घेतली असती. त्यांनी तो आजोबांच्या मांडीवर पसरला, उजवी बाही गोळा करून ठेवली आणि हात पाठीमागे बांधून उभ्या राहिल्या. आजोबांनी डाव्या हाताने लुळा हात उचलून बाहीत घातला, बाही खांद्यापर्यंत ओढली, मागून सदरा फिरवला, मग डावा हात. घालताना अधू बाजू आधी, काढताना अधू बाजू शेवटी, एवढाच नियम. तिसऱ्या बटणाशी ते अडले तेव्हा मावशी ‘काजाची कड वर धरा’ एवढंच म्हणाल्या. सगळं मिळून पाव तास लागला. दारातून सूनबाई म्हणाल्या, ‘अहो, घालून टाका ना पटकन, नाश्ता गार होतोय.’

ही माझी तक्रार. आपण पैसे देतो ते हालचालीचे देतो. मावशी बसलेल्या दिसल्या की आपल्याला खुपतं. त्या नुसत्या उभ्या असतात तेव्हा सर्वांत कसबाचं काम चाललेलं असतं, हे आपल्या हिशेबातच नाही.

काही ठिकाणी मात्र हात आखडून चालत नाही. अर्धांगात खांदा सैल पडतो. त्या हाताला धरून किंवा बगलेत हात घालून ओढलंत तर सांधा सटकतो आणि मग महिनोन्‌महिने दुखतो. उठवण्याआधी पेशंटला कॉटच्या कडेला पाय सोडून थोडा वेळ बसवा. चक्कर आली तर घाई नको. खुर्ची धडधाकट बाजूला, ब्रेक लावून. पावलं मागे घ्यायला लावा, नाक पायाच्या बोटांपुढे येईपर्यंत वाकायला सांगा, कमरेच्या पट्ट्याला धरा, आणि अधू गुडघ्याला आपला गुडघा टेकवा. काठी चांगल्या हातात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना अधू पाय आधी.

भरवण्याबद्दल तर फार सावध राहा. आडवं ठेवून एक घोटही नको. सरळ बसवा, हनुवटी किंचित खाली, घास धडधाकट गालाच्या बाजूने. मऊ भातापेक्षा पाण्याचा ठसका लवकर लागतो, हे पुष्कळांना खरं वाटत नाही. पातळ पदार्थ गिळण्याआधीच घशातून निसटतो. पाणी पिताना खोकला येत असेल, जेवल्यावर आवाज ओलसर येत असेल, तर डॉक्टरांना सांगा. अधू गालात घास अडकून राहिलाय का ते बघा आणि जेवणानंतर अर्धा तास बसलेलंच ठेवा.

डायपरवर एकच बोलते. पुष्कळदा तो पेशंटच्या नव्हे, घरच्यांच्या सोयीसाठी बांधला जातो. दर दोन तासांनी कमोडवर बसवलं तर अनेकांना ताबा पुन्हा येतो.

प्रगती मोजायची असेल तर १९६५ सालापासून बार्थेल मोजपट्टी आहे. खाणं, अंघोळ, कपडे, शौच, जिना अशी दहा कामं, शंभर गुण. आजाराचं नाव तिला लागत नाही, माणूस स्वतः काय करतो एवढंच ती विचारते. घरी गुण मांडू नका हवं तर, पण पाळी बदलताना वहीत ‘औषध दिलं, जेवण झालं’ याच्या खाली ‘आज स्वतः काय केलं’ ही ओळ असू दे. रात्रपाळीच्या मावशी तिथून पुढे जातील. नाहीतर दिवसा मिळवलेलं रात्री जातं.

आता कॉट. मावशींची कंबर जाते ती बहुधा बुटक्या कॉटवर वाकून. म्हणून लोक पायांखाली विटा घालतात. मग पेशंटची पावलं जमिनीला टेकत नाहीत आणि तो स्वतः उठूच शकत नाही. भाड्याने घेतानाच उंची कमी-जास्त होणारी कॉट मागा. भाडं थोडं जास्त पडतं. पुढच्या रांगांना ते परवडतं.