कागदावरचा आकडा आणि घागरीतले पाणी

(अंतरवाली सराटी येथे महिला मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी भाषण करणारी बाई नव्हे. पण पाण्याच्या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली. ती सांगितली तर कुणाच्या तरी उपयोगी पडेल, म्हणून चार शब्द बोलायला उभी राहिले आहे.

आपल्याकडे विहिरीचे, बोअरचे पाणी काळ्या खडकातून येते. त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम विरघळते आणि पाणी जड होते. शाळेच्या पुस्तकात त्याला दुष्फेन म्हणतात. ते ओळखायला पुस्तक लागत नाही. तुरीची डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि पातेल्याला पांढरी खपली धरते.

काही वर्षांपूर्वी पाणी शुद्ध करण्याचे यंत्र विकणारा एक माणूस घरी आला. त्याने पाणी तपासून कागद दिला. त्यावर जडपणा 35 असा लिहिला होता. भारतीय मानकाप्रमाणे जडपणा 200 पर्यंत चांगला आणि दुसरे पाणीच नसेल तर 600 पर्यंत चालतो, हे मी ऐकून होते. मग काय, साऱ्या आळीत सांगत सुटले की आमचे पाणी अगदी हलके! जाऊबाई म्हणाल्या, “मग माझी डाळ का गं शिजत नाही?” मला उत्तर देता आले नाही.

2019 साली जलजीवन मिशन सुरू झाले. त्यात प्रत्येक गावच्या 5 महिलांना पाणी तपासायला शिकवावे असे ठरले. अशाच एका भगिनीने आमचे पाणी तपासले. लालसर रंग निळा होईपर्यंत थेंब मोजायचे असतात. तिचा आकडा आला 600! मी तिलाच म्हटले, “बाई, तुझे काहीतरी चुकले.” पण चूक माझी होती. त्या पहिल्या कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात ‘ग्रेन प्रति गॅलन’ असे लिहिलेले होते.

ग्रेन हे जुने इंग्रजी वजन. सुमारे 65 मिलिग्रॅम, म्हणजे आपल्या अर्ध्या गुंजेहून किंचित जास्त. अमेरिकन गॅलन पावणेचार लिटरहून जरासा मोठा. म्हणून त्या गॅलनमध्ये 1 ग्रेन म्हणजे लिटरला सुमारे 17 मिलिग्रॅम. 35 ला 17.1 ने गुणले की 600 येतात. इंग्रजी गॅलन मात्र साडेचार लिटरचा. तो धरला तर 14.25 ने गुणायचे, आणि उत्तर येते 500. म्हणजे गॅलनसुद्धा कोणता, ते विचारायला हवे.

पीपीएम या शब्दाला भिऊ नका. लिटरभर पाण्याचे वजन 1 किलो, म्हणजे 10 लाख मिलिग्रॅम. त्यात 1 मिलिग्रॅम असला की 1 पीपीएम. पाण्यापुरते दोन्ही एकच.

आता आपल्या मापाने सांगते. जुना तोळा 11.66 ग्रॅमचा आणि त्याच्या 96 गुंजा. (आज सराफाकडे 10 ग्रॅमलाच तोळा म्हणतात, तेव्हा तिथेही विचारावेच!) 600 चे पाणी म्हणजे लिटरला जवळजवळ 5 गुंजा. 15 लिटरच्या घागरीत 9 ग्रॅम, म्हणजे पाऊण तोळ्याहून जास्त क्षार, चुनखडीच्या हिशेबाने. पातेल्याची खपली कुठून येते ते कळले ना?

जड पाण्याने डाळीचा आणि साबणाचाच खोळंबा होतो. पण गेल्या वर्षी अशाच आकड्याने माझ्या काळजाचा ठोका चुकला. शेजारच्या सूनबाईला दूध नव्हते. तान्हे बाळ बाटलीवर. त्यांच्या विहिरीच्या तपासणीत नायट्रेट 12 आले. मर्यादा 45, म्हणून घरचे निश्चिंत झाले. मला माझे 35 आठवले. कागद मागून नीट वाचला, तर 12 च्या शेजारी ‘नायट्रोजनच्या रूपात’ असे लिहिलेले! 62 भार नायट्रेटमध्ये नायट्रोजन 14 भारच असतो. म्हणून 12 ला 4.43 ने गुणावे लागते. उत्तर आले 53. खत, शेण, संडासाचे पाणी झिरपून नायट्रेट विहिरीत उतरते. जास्त झाले तर तान्ह्या बाळाच्या रक्ताला प्राणवायू नेता येत नाही आणि बाळ निळे पडते. उकळून ते जात नाही; उलट पाणी आटले की वाढते. त्याच दिवशी बाळासाठी तपासलेले दुसरे पाणी आणायला लावले आणि डॉक्टरांना दाखवले. बाळ सुखरूप आहे. परवाच अंगणात रांगत होते.

तेव्हा भगिनींनो, पाण्याचा कागद हातात आला की तीन प्रश्न विचारा. कोणत्या वजनात मोजले? किती पाण्यात मोजले? कशाच्या रूपात मोजले? सोने घेताना आपण तोळा की ग्रॅम हे विचारल्याशिवाय पैसे देत नाही. पाणी तर लेकराच्या पोटात जाते.