समुदाय आरोग्य अधिकारी : पात्रता कुणाची?



कल्याण हे डॉ. आनंदीबाई जोशी यांचे जन्मगाव. ३१ मार्च १८६५ रोजी येथे जन्मलेल्या या मुलीने ११ मार्च १८८६ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. ही पदवी संपादन केली. वयाच्या चौदाव्या वर्षी तिच्या पोटी आलेले मूल अवघे दहा दिवस जगले होते. त्या मृत्यूची खंत तिच्या वैद्यकीय शिक्षणामागे होती. कोल्हापूर संस्थानाने अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-कक्षाची जबाबदारी तिच्याकडे सोपविली. परंतु २६ फेब्रुवारी १८८७ रोजी तिचे निधन झाले. पदवी हाती होती, नेमणूक झाली होती. काम करण्यास आयुष्य मात्र उरले नाही.

आज याच कल्याण-डोंबिवलीतील शेकडो घरांत नर्सिंगची किंवा आयुर्वेदाची पदवी घेतलेली मुले-मुली आहेत. समुदाय आरोग्य अधिकारी पदाची जाहिरात निघाली की घरोघर एकच चर्चा सुरू होते : आपण पात्र आहोत की नाही? हा प्रश्न रास्त आहे. तथापि अपुराही आहे.

हे पद आले कोठून, हे प्रथम पाहू. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानंतर २०१८ मध्ये केंद्र सरकारने आयुष्मान भारत योजना जाहीर केली. तिच्या दोन अंगांपैकी रुग्णालयीन विम्याचा गाजावाजा अधिक झाला. दुसरे अंग होते देशभरातील दीड लाख उपकेंद्रे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे यांचे आरोग्यवर्धिनी केंद्रांत रूपांतर करण्याचे. पहिल्या केंद्राचे उद्घाटन १४ एप्रिल २०१८ रोजी छत्तीसगडमधील विजापूर जिल्ह्यात जांगला येथे झाले. २०२३ मध्ये या केंद्रांना 'आयुष्मान आरोग्य मंदिर' हे नाव मिळाले.

उपकेंद्र ही शासकीय आरोग्यसेवेची शेवटची पायरी. सपाट प्रदेशात ५,००० आणि डोंगराळ व वनवासी भागात ३,००० लोकसंख्येस एक, असा तिचा निकष आहे. पूर्वी येथे आरोग्यसेविका आणि आरोग्यसेवक असत. लसीकरण आणि माता-बालसंगोपन हे त्यांचे मुख्य काम. आता या चमूच्या शिरोभागी समुदाय आरोग्य अधिकारी आला. कामाची व्याप्तीही १२ प्रकारच्या सेवांपर्यंत वाढली. तीस वर्षांवरील प्रत्येकाचा रक्तदाब व मधुमेह तपासणे, तोंडाच्या, स्तनाच्या व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची प्राथमिक तपासणी करणे, वृद्धांची काळजी, मानसिक आरोग्य, ई-संजीवनीवरून डॉक्टरांचा सल्ला मिळवून देणे, हे सारे त्यात येते.

आता लेखी पात्रता. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत नर्सिंगची पदवी, जीएनएम ही पदविका अथवा आयुर्वेदाची पदवी असे पर्याय आहेत. त्यांतील कोणते स्वीकारायचे हे राज्ये ठरवितात. महाराष्ट्रातील जाहिरातींत प्रामुख्याने बीएएमएस, बीयूएमएस आणि बीएस्सी नर्सिंग या पदव्या मागितल्या गेल्या. म्हणून शेजारच्या राज्यातील जाहिरात वाचून आपल्या पात्रतेचा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते. पदवीबरोबर संबंधित राज्य परिषदेकडील नोंदणी हवी. अनेकांची गाडी येथेच अडते : पदवी झालेली असते, नोंदणी मात्र झालेली नसते किंवा तिचे नूतनीकरण राहून गेलेले असते. वयोमर्यादा सर्वसाधारणपणे खुल्या प्रवर्गास ३८ आणि मागासवर्गीयांस ४३ वर्षे अशी राहिली आहे. ती कोणत्या दिनांकास मोजावयाची, हे मात्र प्रत्येक जाहिरातीत बारकाईने पाहावे लागते. लेखी परीक्षेतून निवड झाल्यावर सामुदायिक आरोग्याचे सहा महिन्यांचे प्रशिक्षण असते. ज्यांच्या नर्सिंगच्या पदवी अभ्यासक्रमातच हा भाग अंतर्भूत आहे, त्यांना ते पुन्हा करावे लागत नाही. प्रशिक्षणापूर्वी ठरावीक काळ सेवा करण्याचे बंधपत्र द्यावे लागते. त्यावर सही करण्यापूर्वी ते शब्द न् शब्द वाचावे. ही सही घाईची नव्हे.

एक गैरसमजही दूर केला पाहिजे. या पदाच्या नावात 'अधिकारी' हा शब्द असला, तरी ते वैद्यकीय अधिकाऱ्याचे पद नव्हे. प्राथमिक आरोग्य केंद्राची धुरा एमबीबीएस डॉक्टरकडे असते आणि समुदाय आरोग्य अधिकारी त्यांच्या मार्गदर्शनाखाली काम करतो. हा वाद जुना आहे. १९४६ च्या भोर समितीने देशात एकाच दर्जाचा पूर्ण प्रशिक्षित डॉक्टर असावा, असा आग्रह धरला, तेव्हा अल्पमुदतीचे शिक्षण घेतलेले वैद्यक व्यावसायिकही हवेत, असे काही सदस्यांचे भिन्नमत होते. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यातील ३२ व्या कलमाने समुदाय आरोग्य प्रदात्यास मर्यादित परवाना देण्याची तरतूद केली, तेव्हा इंडियन मेडिकल असोसिएशनने देशव्यापी संप पुकारला. अपुरे शिक्षण घेतलेल्यांच्या हाती रुग्ण सोपवू नका, ही डॉक्टरांची भूमिका निराधार नव्हती. तथापि जेथे एमबीबीएस डॉक्टर जाण्यास तयारच नाही, तेथील रुग्णाने काय करावे, या प्रश्नाचे उत्तर त्या संपातून मिळाले नाही.

ठाणे जिल्ह्याला हा प्रश्न दूरचा नाही. २०१४ मध्ये पालघर वेगळा झाल्यावर उरलेल्या सात तालुक्यांत सहा महानगरपालिका आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार ठाणे शहराची लोकसंख्या १८ लाखांवर आणि कल्याण-डोंबिवलीची १२ लाखांवर होती. एवढ्या नागरी जिल्ह्यातच शहापूर आणि मुरबाड हे तालुकेही आहेत. मुंबई-ठाण्याच्या नळाला येणारे भातसेचे पाणी शहापूरचे. त्याच शहापूरच्या पाड्यावर रात्री विंचू चावला तर प्रथमोपचार किती अंतरावर मिळेल, हा विचार नळ सोडणाऱ्याच्या मनात येत नाही.

शहरांची रचना निराळी आहे. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानानुसार सुमारे ५०,००० लोकसंख्येस एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र असते आणि तेथे एमबीबीएस डॉक्टर अपेक्षित असतो. याचा सरळ अर्थ असा की, समुदाय आरोग्य अधिकारी हे पद मुख्यतः ग्रामीण उपकेंद्राचे आहे. डोंबिवलीत राहणाऱ्या मुलीला नेमणूक ठाणे जिल्ह्यात मिळाली, म्हणून घरात आनंद होतो. परंतु तो ठाणे जिल्हा डोळखांबचा किंवा टोकावड्याचा असतो. सकाळची कसारा लोकल, आसनगावला उतरणे, पुढे एसटी किंवा जीप, हा रोजचा प्रवास पावसाळ्यात किती दिवस निभेल, याचा हिशेब अर्ज भरण्यापूर्वी केलेला बरा.

उपकेंद्र रिकामे राहिले तर भार कोठे येतो, हेही ठाणेकरांनी पाहिले आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण दगावले. त्यांतील काहींना अखेरच्या अवस्थेत आणण्यात आले होते, असे प्रशासनाने तेव्हा सांगितले. मोठ्या रुग्णालयाच्या जबाबदारीतून त्याने कुणाची सुटका होत नाही. परंतु रक्तदाब, मधुमेह, कावीळ किंवा सर्पदंश वेळीच ओळखून योग्य ठिकाणी पाठविणारा माणूस गावात असला, तर शहरातील रुग्णालयाच्या दारी अखेरच्या घटकेला येणाऱ्यांची संख्या निश्चित घटेल.

म्हणूनच उमेदवाराच्या पात्रतेबरोबर व्यवस्थेच्या पात्रतेचाही प्रश्न विचारला पाहिजे. या पदास दरमहा २५,००० रुपये मानधन आणि कामगिरीनुसार १५,००० रुपयांपर्यंत प्रोत्साहन भत्ता, अशी रचना ठेवण्यात आली. जाहिरातीत ४०,००० हा आकडा ठळक दिसतो. त्यातील १५,००० दरमहा सिद्ध करून मिळवावे लागतात, हे नंतर कळते. मुख्य मुद्दा म्हणजे हे पद कंत्राटी आहे. राष्ट्रीय आरोग्य अभियानात दहा वर्षे सेवा झालेल्यांना शासकीय सेवेत सामावून घेण्याचा निर्णय राज्य सरकारने मार्च २०२४ मध्ये घेतला आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये कर्मचाऱ्यांना संपावर जावे लागले. हे पदच मुळी २०१८ नंतरचे. तेव्हा २०२८ पूर्वी या पदावर कुणाचीच दहा वर्षे पूर्ण होणार नाहीत. ज्याच्याकडून तीन हजार लोकांच्या आयुष्यभराच्या आरोग्याची नोंद ठेवण्याची अपेक्षा, त्याला स्वतःच्या पुढील वर्षाची शाश्वती नसावी, ही विसंगती आहे. उपकेंद्राजवळ राहण्याजोगे घर, औषधांचा नियमित पुरवठा आणि वेळेवर मानधन, या तीन कसोट्यांवर शासनाचीही परीक्षा झाली पाहिजे.

उमेदवारासाठीही एक पात्रता जाहिरातीबाहेर उरतेच. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच अल्पशिक्षित स्त्रियांना प्रशिक्षण देऊन नवजात बालकांचा मृत्युदर लक्षणीयरीत्या खाली आणला; १९९९ मध्ये ते संशोधन 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी छोट्या गावातील रुग्णालयात बसून विंचूदंशावरील उपचाराची दिशा बदलली. बंगांच्या त्या स्त्रियांकडे पदवी नव्हती, बावस्करांकडे मोठी पदवी होती. परंतु दोहोंकडे एक गोष्ट समान होती : जेथे रुग्ण आहे तेथे राहण्याची तयारी. ही तयारी कोणत्याही लेखी परीक्षेत तपासली जात नाही. घरोघरी फिरणाऱ्या आशाताईचे ऐकून घेणे, म्हाताऱ्याला गोळी रोज का घ्यायची हे त्याच्या बोलीत समजावणे, आपल्या आवाक्याबाहेरचा रुग्ण ओळखून त्याला क्षणाचाही विलंब न लावता पुढे पाठविणे, हीच या पदाची खरी विद्या आहे.

तेव्हा कल्याण-डोंबिवलीतील पालकांनी मुलांच्या हाती जाहिरात देण्याआधी त्यांना एकदा मुरबाडचे किंवा शहापूरचे उपकेंद्र दाखवून आणावे. ते पाहून ज्याचे मन मागे फिरेल, त्याने खुशाल दुसरी वाट धरावी. त्यात कमीपणा काही नाही. ज्याचे मन तेथे रमेल, त्याने नोंदणी, वय आणि प्रमाणपत्रे नीट तपासून अवश्य अर्ज करावा. आणि अशा तरुणांच्या हक्काच्या मानधनासाठी, घरासाठी, कायम सेवेसाठी शहरातील समाजाने आपला आवाज त्यांच्या पाठीशी उभा करावा.

कल्याणच्या आनंदीबाईंना काम करण्यासाठी आयुष्य मिळाले नाही. आज कल्याणच्या मुलींकडे आयुष्य आहे, पदवी आहे, नेमणुकीची वाटही आहे. दहा दिवसांचे मूल दगावू नये, यासाठी तिने सातासमुद्रापार प्रवास केला. आजचा प्रवास फार तर आसनगावपर्यंतचा आणि तेथून पुढच्या एसटीचा आहे.