उगारलेला हात
(नभोवाणीवरील भाषण)



नाट्याचा क्षण कशास म्हणावें, हा वाद विद्वानांचा आहे. मोखाडा तालुक्यांतील पोशेऱ्यासारख्या आडगांवीं मुलांना बाराखडी शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, त्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या मास्तरानें त्यांत पडूं नये हेंच बरें. परंतु नाटक पाहण्याची आवड कांहीं पदवीवर अवलंबून नसते. आमच्या जव्हार-मोखाड्याकडे होळीनंतर गांवोगांवीं बोहाडा भरतो. सांबळाच्या तालावर, पलित्यांच्या उजेडांत, देवदानवांचे मुखवटे चढविलेलीं सोंगें एकामागून एक नाचत येतात. अखेरीस देवी आणि महिषासुर यांचें युद्ध होतें व दैत्य पडतो. मुखवटा कागदाच्या लगद्याचा आहे आणि त्याच्याआड शेजारचाच कोणी आहे, हें शेंबड्या पोरालाहि ठाऊक असतें. तरी देवीचें शस्त्र उगारलें गेलें कीं, सारा गांव श्वास रोखून उभा राहतो.

असाच श्वास मीं एका परदेशी मालिकेपुढें रोखला आहे, आणि आज बोलावयाचें तें तिच्याविषयीं. या मालिकेचें नांव ‘स्टार ट्रेक’. जीन रॉडनबेरी यांनीं निर्मिलेली ही विज्ञानकथांची मालिका अमेरिकेंत ८ सप्टेंबर १९६६ रोजीं सुरू झाली आणि १९६९ सालीं ७९ भागांनंतर बंद पडली. आपल्याकडे १९८० नंतरच्या दशकांत दूरदर्शनवर रविवारीं सकाळीं ती दाखवीत असत. ठाण्यास आप्तांच्या घरीं गेलों म्हणजे दिवाणखान्यांत जमलेल्या मंडळींत मीहि बसत असें. विज्ञानकथा म्हणजे यंत्रांची आणि आगीच्या लोळांची कथा, असा पुष्कळांचा समज असतो. मला त्या मालिकेंतील आगीचे लोळ आतां आठवत नाहींत. आठवतात ते दोन क्षण. आणि दोहोंतहि विशेष घडतें तें इतकेंच कीं, एक हात जागच्या जागीं थांबतो.

पहिला क्षण ९ मार्च १९६७ रोजीं प्रथम दाखविलेल्या भागांतील आहे. त्याचे लेखक जीन कून. एका दूरच्या ग्रहावर भूगर्भांत खाण आहे. तेथील अंधारांत कोणी अज्ञात प्राणी खडक वितळवीत हिंडतो आणि खाणकामगारांचे बळी घेतो. पन्नास माणसें दगावलीं आहेत. त्याचा बंदोबस्त करण्यासाठीं कर्क हा कप्तान आणि स्पॉक हा त्याचा शास्त्रज्ञ सहकारी आपल्या यानांतून येतात. खाणीच्या अधिकाऱ्याच्या टेबलावर एक गुळगुळीत गोळा सहज म्हणून ठेवलेला असतो. असे हजारों गोळे खणतांना सांपडले, असें तो सांगतो. स्पॉकची दृष्टि त्यावर खिळते. बाकीचे दुर्लक्ष करतात.

शोधास निघतांना स्पॉक म्हणतो कीं, प्राणी जिवंत धरतां आला तर पाहावें. कप्तान तें मोडून काढतो. दिसतांक्षणीं ठार करावयाचें, अशी त्याची आज्ञा असते. पुढें भुयारांत दोघांची फारकत होते, आणि कप्तान एकटाच त्या जखमी प्राण्यासमोर येऊन ठाकतो. तो शस्त्र उगारतो. प्राणी हल्ला न करतां मागें सरतो. त्याच वेळीं पलीकडच्या भुयारांतून स्पॉकचा व्याकुळ आवाज ऐकूं येतो: विलंब करूं नका, मारून टाका! जो दया करा म्हणत होता तो मित्राच्या जिवासाठीं मारा म्हणतो, आणि ज्यानें मारण्याची आज्ञा दिली त्याचा हात समोर पाहून थांबतो. दोन्ही माणसें एका घटकेंत एकमेकांच्या जागीं जाऊन उभीं राहतात.

यापुढचें सारें त्या थांबलेल्या हातांतूनच निघतें. स्पॉक आपल्या विद्येनें त्या प्राण्याच्या मनाशीं मन जोडतो आणि त्याच्या वेदनेनें स्वतःच किंचाळतो. प्राणी खडकावर तीन इंग्रजी शब्द जाळून उमटवितो. त्यांचा अर्थ ‘मला मारूं नका’ असाहि होतो आणि ‘मी मारणार नाहीं’ असाहि होतो. अखेर उलगडा होतो तो असा कीं, तो प्राणी एक आई आहे. तिच्या जातींतील ती एकटीच अंडीं राखण्यासाठीं उरली आहे, आणि ते गुळगुळीत गोळे हींच तिचीं अंडीं. खाणकामगारांनीं तीं अजाणतां हजारोंनीं फोडलीं होतीं. दंडुके घेऊन चालून आलेल्या कामगारांपुढें कप्तान आडवा उभा राहतो तो हें सत्य हातीं आल्यावर.

या राक्षसिणीचा साज आमच्या बोहाड्याहून फारसा थोर नव्हता. यानोश प्रोहास्का या हंगेरींत जन्मलेल्या कसरतपटूनें स्वतःच तो तयार केला होता, आणि त्याच्या आंत शिरून तो रांगत होता. कप्तानाचें काम करणारे विल्यम शॅटनर यांना याच भागाचें चित्रण चालू असतांना वडील वारल्याची वार्ता आली. हातांतील प्रसंग पुरा करून मगच ते अंत्यसंस्कारासाठीं निघाले. पुढें त्यांनीं हा आपला आवडता भाग म्हणून सांगितला आहे.

पुढें १९९८ सालीं दूरदर्शनवर केतन मेहता यांची ‘कॅप्टन व्योम’ ही मालिका आली. मिलिंद सोमण यांच्यामुळें अंतराळयान आमच्या मुलांनाहि परकें राहिलें नाहीं. त्या सुमारास एका पावसाळी दुपारीं मीं पांचवीच्या वर्गाला ही खाणीची गोष्ट सांगावयास घेतली. टेबलावरील गोळ्यापर्यंत आलों, तोंच मागच्या रांगेंतील एक मुलगी म्हणाली, “गुरुजी, तीं अंडीं असतील.”

“कशावरून गं?”

“टिटवीचीं पण दगडासारखींच असतात. उघड्या माळावर घालते. ती डोक्यावर ओरडत फिरते ना, म्हणून कळतं.”

दिवाणखान्यांतल्या आम्हां शहाण्यांना जें कळावयास जवळजवळ सारा भाग पाहावा लागला, तें तिनें माळावरच्या पांखराकडून आधींच शिकून ठेवलें होतें. गोष्ट संपली. मुलें खूष झालीं. मग एका मुलानें विचारलें, “गुरुजी, पण ते पन्नास जण? त्यांच्या घरीं कोणीं सांगितलं?”

दिवाळी झाली कीं, आमच्याकडील कुटुंबेंच्या कुटुंबें भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात. कामावर गेलेला माणूस म्हणजे काय, हें त्या मुलाला ठाऊक होतें. त्याच्या लेखीं पन्नास हा आंकडा नव्हता. मालिका त्या घरांचीं दारें उघडून दाखवीत नाहीं. पण त्या प्रश्नामुळेंच मला त्या क्षणाची खरी किंमत कळली. दंडुके खालीं ठेवणाऱ्या कामगारांचे सोबती परत आले नव्हते. दुसऱ्या बाजूचें दुःख कळलें म्हणून आपलें दुःख कमी होत नाहीं. तें असतांना हात खालीं घ्यावयाचा असतो.

दुसरा क्षण याहून कठीण आहे. हार्लन एलिसन यांनीं लिहिलेला तो भाग ६ एप्रिल १९६७ रोजीं दाखविला गेला व १९६८ सालीं त्यास विज्ञानकथांसाठींचें ह्यूगो पारितोषिक मिळालें. कप्तान व स्पॉक काळांत मागें जाऊन १९३० च्या न्यूयॉर्कमध्यें येतात. मंदीचे दिवस आहेत. बेकारांना अन्न देणाऱ्या ईडिथ कीलर या तरुणीवर कप्तानाचा जीव जडतो. ही भूमिका जोन कॉलिन्स यांनीं केली आहे. मग कळतें तें असें: ही जगली तर तिच्या शांततेच्या चळवळीमुळें अमेरिका युद्धांत उशिरां उतरेल, जर्मनी जिंकेल आणि पुढचा सारा इतिहास पालटेल. ती रस्ता ओलांडते, भरधांव मोटर येते. कप्तान पाऊल उचलतो आणि थांबतो. इतकेंच नव्हे तर तिला वांचविण्यास धांवणाऱ्या आपल्या डॉक्टर मित्रास तो मिठींत घट्ट धरून ठेवतो.

एका ठिकाणीं हात थांबला म्हणून जीव वांचला. दुसऱ्या ठिकाणीं थांबला म्हणून जीव गेला. दोन्ही ठिकाणीं थांबविलें तें समोर जें आहे त्याच्या ज्ञानानें. पहिल्या ज्ञानानें समाधान दिलें, दुसऱ्यानें जन्माचें दुःख. पण न कळल्याचा आव आणण्याची सोय त्यानें कोठेंच ठेविली नाहीं. मारण्यास बळ लागतें हें आपण मुलांना सहज शिकवितों. थांबण्यास काय लागतें, हें शिकविण्यास मात्र अशा गोष्टी हाताशीं असाव्या लागतात.

आपल्या घरींहि मुलें पडद्यावर अंतराळांतील युद्धें पाहत असतील. खेळ संपल्यावर कोण जिंकलें हें त्यांना विचारूं नये. तें तीं न विचारतांच सांगतात. हात कोठें थांबला, एवढें विचारून पाहावें. उत्तर बहुधा आपल्या आधीं त्यांनाच सांपडेल, आणि त्यापाठोपाठ एखादा प्रश्नहि येईल. त्या प्रश्नासाठीं थोडा वेळ राखून ठेवावा, एवढीच माझी विनंति.