शेजाऱ्याची विहीर व देवाचा न्याय



तापावर, खोकल्यावर औषध मिळतें; परंतु एक रोग असा आहे कीं, ज्यास तो जडतो त्यास तो दुसऱ्यासच झाला आहे असें वाटतें. त्याचें नांव मत्सर. शेजाऱ्याच्या जोंधळ्याचें कणीस भरलें कीं आपल्या भाकरीची चव जाते. मग आपण म्हणतों, 'देव त्याचाच, आमचा नव्हे.' आज मला ह्या एका वाक्याविषयीं बोलावयाचें आहे.

दुसऱ्याच्या घरचें कशास सांगूं? आमच्याच घरचें सांगतों. माझ्या लहानपणीं वडिलांनीं व चुलत्यांनीं एकाच उन्हाळ्यांत, एका बांधाच्या दोन अंगांस विहिरी खणल्या. चुलत्यांस चार परसांवर झरा लागला. आमच्या विहिरीस सहा परसांवरहि काळा पाषाणच. वडील म्हणाले, 'देवानें पक्षपात केला.' पुढें एका भगतानें ती चुलत्यांची करणी ठरविली. त्यापायीं आईचे चांदीचे वाळे गेले. चुलते स्वतः बांधावर येऊन म्हणाले, 'दादा, पाट इकडे वळवून घे, तुझा कांदा जळतो आहे.' वडिलांनीं तोंड फिरविलें. कांदा जळाला. त्या सालीं घरांत सावकाराचें देणें शिरलें, आणि मी एक वर्ष शाळा सोडून गुरांमागें गेलों.

मोठेपणीं मला त्याचें खरें कारण कळलें. आपला दख्खनचा कातळ घट्ट असतो. पावसाचें पाणी त्याच्या पोटांत सारखें पसरत नाहीं. तें भेगांतून व सच्छिद्र थरांतून वाट काढतें. अशी भेग जिला लागली ती विहीर भरते, वीस हातांवरची कोरडी राहते. त्यांत ना करणी, ना देवाचा रोष. पाऊस बांधाच्या दोन्ही अंगांस सारखाच पडला होता. आणि आमच्या वांट्याचें पाणी देवानें धाडलें नव्हतें असेंहि नाहीं. तें चुलत्यांच्या हातीं धाडलें होतें. आम्हींच तें बांधावर अडविलें.

जोतीराव फुले देवास निर्मिक म्हणत. १८७३ सालीं पुण्यास त्यांनीं सत्यशोधक समाज स्थापिला तो ह्याच पायावर, कीं निर्मिक एक, सर्व माणसें त्याचीं लेंकरें, व दोघांमध्यें मध्यस्थ नको. भाकरी वांटली तर कमी होते. आईबापांची माया वांटल्यानें कमी होत नाहीं. मग भावास मिळालेलें पाहून आपलें गेलें असें कां मानावें?

येथें कोणी विचारील, 'मास्तर, मग गरिबानें गप्प बसावें काय?' मुळींच नाहीं. हक्क मागणें हा मत्सर नव्हे. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीरावांनीं रयतेच्या मुलांसाठीं शिक्षण मागितलें. १९०२ सालीं शाहू महाराजांनीं करवीर संस्थानांतील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकीं निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठीं राखल्या. त्यांस द्वेष्टे म्हणणारेहि निघाले. परंतु कोणाच्या मुलाची पाटी फोडा, असें ह्यांचें मागणें नव्हतें. आमच्याहि मुलाच्या हातीं पाटी द्या, असें होतें. मत्सरी मनुष्य 'त्याचें जावो' म्हणतो. न्याय मागणारा 'मलाहि मिळो' म्हणतो. आपल्या मनांत ह्यांपैकीं कोणतें आहे, हें ज्याचें त्यानें रात्रीं निजतांना पाहावें.

आणि वर पाहतां तसें खालींहि पाहा. देवास पक्षपाती म्हणणारा आपणच पाणवठ्यावर दुसऱ्यास अडवितो, तेव्हां पक्षपात कोणाचा? जोतीरावांनीं १८६८ सालीं आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुला केला. देव सर्वांचा, हें त्यांनीं नुसतें बोलून दाखविलें नाहीं, पाण्यानें दाखविलें.

आमच्या वडिलांनीं शेवटीं चुलत्यांचा पाट घेतला. पण मधलीं सात वर्षें गेलीं तीं गेलींच. म्हणून माझें एवढेंच मागणें आहे. ज्याच्याशीं तुमचें बोलणें तुटलें आहे, त्याच्या बांधावर उद्यां सकाळीं जा आणि त्याच्या पिकास मनापासून बरें म्हणा. पहिला शब्द जड जाईल. दुसरा जाणार नाहीं. निर्मिक आपणां सर्वांस ती बुद्धि देवो.