दप्तरी दाखल

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आपल्याकडे 'दप्तरी दाखल होणे' असा एक वाक्प्रचार आहे. एखादा अर्ज दप्तरी दाखल झाला म्हणजे त्याचा निकाल लागला असे कोणी समजत नाही. तो आता कोणी उघडून पाहणार नाही, असेच समजतात. ज्या पुण्यात पेशवे दप्तर आहे आणि ज्या दप्तरातून रियासतकार सरदेसाईंनी निवडक कागदांचे ४५ खंड काढले, त्याच मुलखात 'दप्तर' या शब्दाला असा अर्थ चिकटावा, याची मला गंमत वाटते आणि थोडी खंतही.

कधी कधी मात्र हेच दप्तर एकदम हवेसे होते. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि तहसील कचेऱ्यांतले जुने गठ्ठे फळ्यांवरून खाली उतरले. कोतवाल बुकांची पिवळी पाने उलटली जाऊ लागली. मोडी वाचणाऱ्यांना, ज्यांची एरवी कोणी विचारपूस करीत नाही, मानाने बोलावणी गेली. लाखो नोंदी सापडल्या. त्या सापडल्या, कारण मधल्या काळात कोणा कारकुनाने तो गठ्ठा रद्दीत घातला नव्हता. पण एरवी, जेव्हा कोणालाच काही शोधायचे नसते, तेव्हा या गठ्ठ्यांच्या वतीने बोलायचे कोणी? अमेरिकेतल्या अभिलेखपालांना, म्हणजे जुनी कागदपत्रे जपणे हाच ज्यांचा पेशा आहे त्यांना, हा प्रश्न चांगलाच भोवला. त्यांच्या संघटनेने त्यावर काय केले, ते आज सांगायचे आहे.

ही संघटना म्हणजे सोसायटी ऑफ अमेरिकन आर्किव्हिस्ट्स. स्थापना १९३६ ची. त्याआधी दोनच वर्षे, १९३४ मध्ये, अमेरिकेचे राष्ट्रीय अभिलेखागार स्थापन झाले होते. सुरुवातीला ते स्वतंत्र होते. १९४९ मध्ये मात्र ते 'सामान्य सेवा प्रशासन' या नव्या खात्याखाली गेले. या खात्याचे काम काय, तर सरकारी इमारती बांधणे, त्यांची देखभाल, टेबलखुर्च्या, गाड्या आणि इतर सामानाची खरेदी. देशाची मूळ राज्यघटना जपणारी संस्था अशा तऱ्हेने फर्निचर पुरवणाऱ्या खात्याची शाखा झाली. आपल्याकडे एखादे ग्रंथालय बांधकाम विभागाला जोडावे, तसेच.

यात काय बिघडले ते १९७४ मध्ये कळले. वॉटरगेट प्रकरणात राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी ऑगस्टमध्ये राजीनामा दिला. त्यांच्या कार्यालयातील संभाषणांच्या ध्वनिफिती हा त्या प्रकरणातला मुख्य पुरावा. सप्टेंबरमध्ये या खात्याच्या प्रमुखाने निक्सन यांच्याशी करार केला. त्यात या फिती ठरावीक मुदतीनंतर, किंवा निक्सन यांचे त्याआधी निधन झाल्यास तेव्हाच, नष्ट करण्याची तरतूद होती! कागद जपणारे एकीकडे, सही करणारा दुसरीकडे. डिसेंबरमध्ये अमेरिकन काँग्रेसने घाईने कायदा केला आणि फिती वाचल्या.

पुढे १९७९-८० च्या सुमारास याच खात्याच्या नव्या प्रमुखाने, हे गृहस्थ नौदलातून आलेले होते, आणखी एक कल्पना काढली. वॉशिंग्टनमध्ये एवढे कागद कशाला, ते देशभरच्या प्रादेशिक केंद्रांत वाटून टाकावेत. ऐकायला वाईट वाटत नाही. पण कागदांचा अर्थ शेजारच्या कागदाने लागतो. एका प्रकरणाचा अर्ज एका शहरात आणि त्यावरचा शेरा हजार मैलांवर, असे झाले की दोन्ही मुके होतात.

या वेळी आरडाओरडा केला तो इतिहासकारांनी आणि आपापली वंशावळ शोधणाऱ्या साध्या माणसांनीही. अ‍ॅलेक्स हेली यांचे 'रूट्स' १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढच्या वर्षी ते दूरदर्शनच्या पडद्यावर आले, तेव्हापासून आपले पूर्वज शोधण्याचे वेडच तिकडे पसरले होते. आपण त्र्यंबकेश्वरी जाऊन उपाध्यायांच्या वहीत पणजोबांचे नाव शोधतो, तशी ती माणसे जनगणनेच्या जुन्या नोंदींत शोधत. त्यांची पत्रे लोकप्रतिनिधींकडे गेली. योजना बारगळली.

१९८० मध्ये रॉबर्ट वॉर्नर राष्ट्रीय अभिलेखपाल झाले. ते पूर्वी याच संघटनेचे अध्यक्ष होते. स्वतः सरकारी नोकर असल्याने आपल्याच वरिष्ठ खात्याविरुद्ध उघड मोहीम काढणे त्यांना अवघड. तेव्हा बोलण्याचे काम बाहेर राहिलेल्यांनी केले. त्यात अभिलेखपालांची संघटना होती, इतिहासकारांच्या संस्था होत्या आणि वंशावळवालेही होते. सिनेटमध्ये रिपब्लिकन पक्षाचे हॅटफील्ड आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे ईगल्टन, असे दोन्ही बाजूंचे सदस्य या कामी एकत्र आले. १९ ऑक्टोबर १९८४ रोजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांची विधेयकावर सही झाली आणि १ एप्रिल १९८५ पासून अभिलेखागार पुन्हा स्वतंत्र झाले. छत्तीस वर्षांनी.

आता मला जी गोष्ट सर्वांत जास्त आवडते, ती सांगतो. ही लढाई जिंकली जात असतानाच संघटनेने एक धाडस केले होते. आपल्याविषयी लोकांना काय वाटते, हे तिने आपल्या सभासदांना विचारले नाही. ज्यांच्या हातात पैशाच्या किल्ल्या असतात त्यांना विचारायचे ठरवले. काम सोपवले सिडनी लेव्ही या विपणनशास्त्राच्या प्राध्यापकाकडे. साबण किंवा मोटार यांची लोकांच्या मनातली प्रतिमा अभ्यासणारा हा माणूस. १९८४ अखेर त्यांचा अहवाल आला. अभिलेखपाल ज्यांच्या हाताखाली काम करतात, ते वरिष्ठ त्यांच्याविषयी चांगलेच बोलले होते. शांत माणसे, चिकाटीची, पुस्तकात रमणारी, कामसू. सगळ्यांना ती आवडत. आणि आवडत असल्यामुळेच त्यांना पैसे देण्याची कोणाला घाई नव्हती. जो मागत नाही, भांडत नाही, आहे त्यात भागवतो, त्याच्या वाट्याला कौतुक येते आणि अंदाजपत्रक दुसऱ्याकडे जाते. एकत्र कुटुंबात राबणाऱ्या थोरल्या सुनेची गोष्ट वेगळी काय असते?

स्वतःविषयीचे असे मत पैसे मोजून मागवायचे आणि वर ते सगळ्यांसमोर ठेवायचे, याला छाती लागते. आपल्याकडच्या किती व्यावसायिक संघटना हे करतील, याचा श्रोत्यांनीच विचार करावा.

या काळातच संघटनेची एक समिती पेशाच्या पुढच्या दिशेची आखणी करीत होती. तिचा आराखडा १९८६ मध्ये छापून आला. वाचायला तो रूक्ष आहे, समित्यांचे लिखाण तसेच असते. पण त्यातली तीन उद्दिष्टे बघण्यासारखी आहेत : टिकाऊ मोलाचे कागद ओळखून राखणे, ते जपण्यासाठी संस्था नीट चालवणे आणि ते लोकांच्या उपयोगी पडतील असे करणे. तिन्ही उद्दिष्टांच्या केंद्रस्थानी कागद आहेत. पगार आणि पदे त्यांच्यामागून येतात. बाहेरच्या माणसाला आपल्या बाजूने उभे करायचे असेल तर मागणी अशीच मांडावी लागते.

याचा पडताळा २०१२ मध्ये जॉर्जिया राज्यात आला. पैसे नाहीत म्हणून राज्याचे अभिलेखागार १ नोव्हेंबरपासून लोकांसाठी बंद करण्याचे सप्टेंबरमध्ये जाहीर झाले. दहापैकी सात माणसे कमी होणार होती. योगायोग असा, की ऑक्टोबर हा तिकडे 'अभिलेखागार महिना' म्हणून साजरा होतो आणि त्याच्या जाहीरनाम्यावर राज्यपालांची सही त्याच सप्टेंबरमध्ये व्हायची होती. सहीच्या वेळी विरोध करणारी मंडळी तिथे हजर! अभिलेखागार उघडे राहील, असे राज्यपालांना तिथेच सांगावे लागले. ऑक्टोबरमध्ये सव्वा लाख डॉलर परत मिळाले आणि जुलै २०१३ पासून ही संस्था राज्याच्या विद्यापीठ व्यवस्थेकडे सोपवण्यात आली.

सगळ्याच गोष्टी अशा गोड होत नाहीत. ७ फेब्रुवारी २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी राष्ट्रीय अभिलेखपाल कॉलीन शोगन यांना पदावरून दूर केले. १९८४ चा कायदा तो अधिकार राष्ट्राध्यक्षांना देतो, मात्र कारणे दोन्ही सभागृहांना कळवावीत असेही सांगतो. संघटनेने चिंता व्यक्त करणारे निवेदन काढले. निवेदनाने शोगन परत आल्या नाहीत.

आपल्या देशात १९९३ पासून सार्वजनिक अभिलेखांचा कायदा आहे. कागद बेकायदा नष्ट करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तरीही डिसेंबर २०२२ मध्ये, सरकारच्याच एका कार्यशाळेत, राष्ट्रीय अभिलेखागाराच्या तेव्हाच्या महासंचालकांनी सांगितले, की १५१ मंत्रालये आणि विभागांपैकी फक्त ३६ चे अभिलेख त्यांच्याकडे आहेत. १९६२, १९६५ आणि १९७१ च्या युद्धांचे कागद त्यांच्याकडे आलेलेच नाहीत. त्यांनी बोलायला हवे होते ते ते बोलले. बातमी एक-दोन दिवस चालली.

कोतवाल बुकातल्या एका ओळीमुळे ज्यांच्या घरी दाखला आला, अशी घरे आज महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. ती खोली गळते का, गठ्ठ्यांना वाळवी लागली आहे का, मोडी वाचणारा पगारी माणूस तिथे आहे का, असे तहसीलदाराला विचारणारे पोस्टकार्ड त्यांपैकी एखाद्या घरातून गेले असेल, तर मला ते वाचायला आवडेल.