अजगर आणि कायदा

आपल्याकडे अजगर पाळणं १९७२च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा; अमेरिकेत तो छंद, आणि धंदाही. फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्स दलदलीत ब्रह्मी अजगर सुटले, वाढले. २००८मध्ये सरकारी जीवशास्त्रज्ञांनी नकाशा मांडला: देशाच्या जवळपास तिसऱ्या हिश्श्यातलं हवामान त्यांना मानवेल. पाळणारे खवळले, थंडीत हा साप टिकतो कुठे? २०१०च्या गारठ्यात फ्लोरिडातच पुष्कळ अजगर मेले, पण सगळे नव्हे. २०१२मध्ये आयातीवर आणि राज्याराज्यांतल्या वाहतुकीवर बंदी आली. २०१७मध्ये अपील न्यायालयानं यातली वाहतुकीची बंदी कायद्यात बसत नाही असं ठरवलं. अंडी उबवताना रात्र जागणाऱ्या माणसाला अडाणी म्हणू नये, एवढं मला पटतं. पण एव्हरग्लेड्समधले ससे त्याच्या छंदाची किंमत मोजून बसलेत.